पाणघोडा, शिंपला, कंदील, गुडघा

मुलांनो, थोडा वेळ माझ्याबरोबर एका शिवणकामाच्या दुकानात येता का? दुकान कसलं, एक लांबट खोलीच ती. दारातून आत शिरलात की उजव्या हाताला कापड बेतायचं मोठं टेबल. खिडकीपाशी शिवणयंत्र. मागच्या कोपऱ्यात एक जाड पडदा, आणि पडद्याआड माणसाच्या उंचीचा आरसा. पडद्याच्या अलीकडे भिंतीला चिकटून एक छोटं मेज, त्यावर जुना कंप्युटर आणि समोर एक उंच स्टूल. आता अशी कल्पना करा, की त्या स्टुलावर तुम्हीच बसला आहात. पाय जमिनीला टेकत नाहीत. आणि तुमच्या पोटात एक गोष्ट आहे, गिळलेल्या सुईसारखी. कुणाला सांगावी तर पंचाईत, न सांगावी तर ती टोचायची थांबत नाही.

तुम्ही काय केलं असतं? लगेच उत्तर देऊ नका. आधी टिटवीचं काय झालं ते ऐका.

टिटवी हे तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव शाळेत हजेरीपुरतं. बोलायला लागल्यापासून तिचं तोंड कधी बंदच झालं नाही, म्हणून आत्याने तिला टिटवी म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळ्या घरादाराने तेच उचललं. दुकान या आत्याचं. शाळा सुटली की टिटवी घरी न जाता इथेच यायची, दप्तर चिंध्यांच्या टोपलीवर टाकायची आणि आई कामावरून येईपर्यंत आत्याचं डोकं खायची.

आत्या बायकांचे कपडे शिवायची. तिचे हात चांगले होतेच, पण लोक लांबून यायचे ते दुसऱ्याच कारणासाठी. आत्याच्या पोटात गोष्ट राहायची. कुणाची पाठ वाकलेली, कुणाच्या पोटावर टाक्यांची मोठी खूण, कुणाचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली. आत्या असा कपडा शिवायची की बघणाऱ्याला काही कळू नये, आणि त्याबद्दल कुणापाशी अवाक्षर काढायची नाही.

"माप देताना माणूस हात वर करून उभा असतो गं," ती टिटवीला म्हणायची. "बिचाऱ्याला काही झाकता येत नाही. तेव्हा आपल्याला दिसलं ते पडद्याच्या आतच राहिलं पाहिजे."

पूर्वी ही मापं पुठ्ठ्याच्या कार्डांवर असायची. एकदा छत गळलं आणि निम्मी कार्डं भिजून लगदा झाली, तेव्हा आत्याने हा जुना कंप्युटर घेतला. पण तिचे पासवर्ड ऐकून टिटवीने कपाळावर हात मारला. सगळीकडे स्वतःचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन! कापडवाल्याकडे तेच, बँकेत तेच, मापांच्या फाईललाही तेच.

"आत्या, अगं, हे म्हणजे सगळ्या घराला एकच किल्ली, आणि तीही पायपुसण्याखाली!"

"मग काय करू? माझ्या डोक्यात वीस पासवर्ड मावतात होय?"

"डोक्यात एकच ठेवायचा. बाकीचे तिजोरीत."

शाळेत तिला हे नुकतंच शिकवलं होतं. पासवर्ड मॅनेजर म्हणजे पासवर्डांची तिजोरी. प्रत्येक ठिकाणासाठी ती एक वेगळा, लांबलचक, कुणाला सुचणार नाही असा पासवर्ड बनवते आणि स्वतःच लक्षात ठेवते. आपण लक्षात ठेवायचा तो फक्त तिजोरीचा मुख्य पासवर्ड. आत्याला पहिली शंका आली ती अगदी बरोबर होती.

"म्हणजे सगळं त्या कंपनीच्या हातात? त्यांनी उघडून बघितलं तर?"

"नाही बघता येत. इथे या कंप्युटरवरच सगळं कुलूपबंद होतं आणि बंद पेटीच तिकडे जाते. किल्ली आपल्याच डोक्यात. त्यांच्याकडे चोर शिरला तरी त्याला बंद पेट्याच मिळतात. पण एक आहे हं. आपण किल्ली विसरलो तर त्यांनाही उघडून देता येत नाही."

"आणि किल्लीच कुणाला कळली तर?"

"म्हणून दुसरं कुलूप. नव्या कंप्युटरवरून कुणी उघडायला गेलं, की तुझ्या फोनवर आकडे येणार. ते टाकल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही."

"दोन दोन कुलपं! राजवाडा आहे का माझा?" आत्या कुरकुरली, पण टिटवीने ऐकलं नाही.

मुख्य पासवर्ड लांब हवा, आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांचा हवा. आत्याने डोळे मिटले आणि मनात येतील ते शब्द काढले. "पाणघोडा. शिंपला. कंदील." मग यंत्राचं पायडल मारून दुखत होता म्हणून, "गुडघा."

दोघी हसून हसून टेबलावर कोसळल्या. पण पासवर्ड होता पक्का. माणसाला कधी सुचणार नाही, आणि कंप्युटरलाही अंदाज करून सापडणार नाही.

पुढे मात्र एक गंमत झाली. विसरू नये म्हणून आत्या कापड शिवता शिवता तो घोकू लागली. पायडलच्या तालावर. पाणघोडा, शिंपला, कंदील, गुडघा. टिटवी ओरडायची, "आत्या, मोठ्याने नको!" आत्या जीभ चावायची, आणि जरा वेळाने पुन्हा ओठ हलायला लागायचे. "माझं तोंड एक दिवस मला बुडवणार," ती म्हणायची.

मग मापंही कंप्युटरवर, त्याच तिजोरीत चढवायचं काम सुरू झालं. आत्या सांगायची, टिटवी टाईप करायची. पण प्रत्येक बाईच्या मापांखाली एक रिकामी जागा असायची, खास गोष्टींसाठी. तिथे आलं की आत्या म्हणायची, "वळ." टिटवी स्टुलावरून उतरून भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. त्या भिंतीचा रंग एका जागी उडाला होता आणि तिथे बदकासारखा आकार झाला होता. टिटवी बदकाकडे बघायची आणि मागे आत्या एका बोटाने टक, टक, टक करत काहीतरी लिहायची. काय, ते टिटवीला कधी कळलं नाही. तिने कधी चोरून बघितलंही नाही. या गोष्टीचा तिला फार अभिमान होता.

आत्यालाही होता. येईल त्या बाईला ती सांगायची, "ही माझी भाची. माझ्या दुकानाची किल्ली आहे ही." आणि टिटवी एवढी मोठी होऊन स्टुलावर बसायची, की पाय जमिनीला टेकले असं तिलाच वाटायचं.

आता ती सुई पोटात कशी गेली ते सांगतो.

टिटवीच्या वर्गात मांजरांना कपडे शिवायच्या एका खेळाचं वेड आलं होतं. आपलं मांजर घ्यायचं, त्याला कोट, टोपी, बूट घालायचे आणि बाकीच्यांनी कौल द्यायचा. शिंपिणीची भाची मागे कशी राहील? खेळात शिरायला ईमेल हवा होता, तिने दुकानाचा दिला, तिजोरीला दिलेलाच. पासवर्ड हवा होता. तिजोरी शहाण्यासारखी पुढे सरसावली आणि म्हणाली, मी बनवून देते. पण तिजोरीचा पासवर्ड म्हणजे अक्षरांची नुसती खिचडी, मैत्रिणीच्या घरी बसून खेळायचं झालं तर आठवणार कसा? टिटवीने विचार केला, आपल्याकडे इतका पक्का पासवर्ड आहे, तोड नाही त्याला. मग दुसरा कशाला शोधा?

आणि तिने टाईप केलं, पाणघोडा, शिंपला, कंदील, गुडघा. तिजोरीने तो निमूटपणे खेळाच्या नावापुढे नोंदवून घेतला.

बघा हं, चूक कुठे झाली. पासवर्ड पक्काच होता. पण कितीही पक्की किल्ली असो, ती दुसऱ्याच्या दारात लावून ठेवली की ती आपली एकट्याची राहत नाही. त्या मांजरांच्या खेळाचं दार तकलादू होतं.

थंडी संपता संपता एका दुपारी टिटवीने तिजोरी उघडली, तर खेळाच्या नावापुढे एक तांबडा ठिपका. तिने त्यावर बोट ठेवलं. 'या ठिकाणाहून लोकांचे पासवर्ड चोरीला गेले आहेत. तुमचा पासवर्ड चोरांच्या यादीत सापडला आहे. तो जिथे जिथे वापरला असेल तिथे ताबडतोब बदला.'

तुम्ही विचाराल, तिजोरीने हे शोधलं कसं? आपला पासवर्ड तिने चोरांच्या यादीवाल्यांना दाखवला की काय? नाही. आत्या बटण जुळवायला बाजारात जायची तेव्हा गिऱ्हाइकाचा कपडा घेऊन जायची नाही. "निळ्यात असतील तेवढी सगळी द्या," म्हणायची, आणि घरी आणून जुळवायची. दुकानदाराला कधी कळायचं नाही, की यातलं कोणतं जुळलं. तिजोरीही तसंच करते. ती आपल्या पासवर्डाचा एक ठसा, म्हणजे उलट वाचता न येणारी खूण, बनवते, त्यातला सुरुवातीचा एवढासा तुकडा सांगते, तशी सुरुवात असलेले सगळे चोरीचे ठसे मागवते आणि आपल्याकडे, घरच्या घरी जुळवून बघते. यादीवाल्याला आपला पासवर्ड कळत नाही. आपल्याला मात्र चोरी कळते.

टिटवीला कळली. मांजराचा पासवर्ड बदलणं म्हणजे चुटकीचं काम. पण 'जिथे जिथे वापरला असेल तिथे' म्हणजे तिजोरीचाही. आणि तो बदलायचा, तर आत्याला सांगावं लागणार होतं, का ते.

आत्या त्या वेळी कुणाला तरी सांगत होती, "ही माझ्या दुकानाची किल्ली."

टिटवीने 'नंतर' दाबलं. दुसऱ्या दिवशी ठिपका तिथेच. तिने पुन्हा 'नंतर' दाबलं. मग तिला त्याच्याखाली एक बारीक अक्षरांतली ओळ दिसली, 'ही सूचना दाखवू नका.' तिने इकडेतिकडे बघितलं आणि तीही दाबली. ठिपका गेला. सुई मात्र होती तिथेच राहिली, उलट आता गिळतानाही टोचू लागली. टिटवी दुकानात गप्प बसू लागली. आत्याने कपाळाला हात लावून बघितला. "ताप नाही. मग ही टिटवी मुकी कशी झाली?"

मुकी टिटवी आणखी मुकी झाली.

आणि मग ती संध्याकाळ आली. पडद्याआड पोहायला शिकवणाऱ्या बाई होत्या. गळ्यात सदा शिट्टी, म्हणून मुलं त्यांना शिट्टीबाई म्हणायची. टिटवी त्यांच्याकडेच पोहायला शिकली होती. डोकं पाण्यात घालायला घाबरायची, तेव्हा त्यांनी एकदाही तिला हसू दिलं नव्हतं कुणाला. त्यांचा पोहण्याचा पोशाख आत्याच शिवायची, आणि त्यांच्या मापांच्या वेळी टिटवी भिंतीकडे तोंड करून नेहमीपेक्षा बराच वेळ उभी होती, एवढंच तिला आठवत होतं.

आत्याचा फोन किणकिणला. तिने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला आणि मोठ्याने वाचू लागली. "नव्या कंप्युटरवरून तुमची तिजोरी उघडण्याचा प्रयत्न झाला आहे. मुख्य पासवर्ड बरोबर आहे. हे तुम्ही नसाल, तर सोबतचे आकडे कुणालाही देऊ नका आणि मुख्य पासवर्ड लगेच बदला." तिने मान वर केली. "तू काही केलंस का गं?"

"नाही," टिटवी म्हणाली. त्या क्षणापुरतं ते खरं होतं. खरं बोलूनही इतकं खोटं वाटू शकतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

"पासवर्ड बरोबर आहे म्हणतोय. म्हणजे कुणाला तरी तो कळलाय." आत्या टेबलाच्या कडेला टेकली. बघता बघता तिचा चेहरा उतरला आणि तिने तोंडावर हात ठेवला. "माझं तोंड! इथे बसून दिवसभर बरळत असते मी. दहा बायका येतात, जातात. कुणीतरी ऐकलं असणार."

बोल टिटवी, बोल, असं तुम्हाला ओरडावंसं वाटत असेल. टिटवीलाही वाटत होतं. पण मनाच्या एका कोपऱ्यात, सांगायलाही लाज वाटते, तिला सुटल्यासारखं झालं. आत्यानेच स्वतःला दोष दिला होता. गप्प राहिलं की संपलं.

पडदा सरकला. शिट्टीबाई नवा पोशाख हातावर घेऊन बाहेर आल्या. "काय झालं हो? एकदम शांत झालात."

आत्याने हातातला फोन खाली ठेवला. "बसा बाई. तुम्हाला सांगितलंच पाहिजे." आणि उभ्या उभ्या, एखाद्या शाळकरी मुलीसारखे दोन्ही हात पुढे धरून, ती सांगू लागली. मापं कुठे आहेत, त्यावर कुलूप कसलं, किल्ली काय. "तुमचंही आहे त्यात. सगळं. मी गिऱ्हाइकांना सांगते, माझ्या पोटात गोष्ट राहते, आणि माझ्याच जिभेला हाड नाही निघालं. लाज वाटते मला. तुम्हाला यापुढे दुसरीकडे शिवून घ्यावंसं वाटलं तर..."

आत्याला रडू फुटलं. टिटवीने तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. यंत्राची सुई बोटातून आरपार गेली तेव्हाही नाही.

"आत्या, तू नाहीस."

आवाज इतका बारीक होता, की दोघींनीही आधी इकडेतिकडे बघितलं.

"तू नाहीस. मी आहे. मी मांजरांच्या खेळात तोच पासवर्ड टाकला. तोच ईमेल. तिथे चोरी झाली. तिजोरीने मला सांगितलं होतं, मी... मी ते झाकून टाकलं."

"झाकून टाकलंस म्हणजे?"

टिटवीने कंप्युटर दोघींकडे वळवला. तिजोरीच्या सेटिंगमध्ये गेली, झाकलेल्या सूचना पुन्हा चालू केल्या. तांबडा ठिपका परत उगवला. त्याच्यापुढे तारीख होती. आत्याने ती वाचली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, पुन्हा वाचली. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं टिटवीला वाटलं. स्टुलावरून खाली उतरावं की तिथेच बसावं हे तिला कळत नव्हतं.

शिट्टीबाईंनीच विचारलं, "उघडलीय का कुणी ती पेटी?"

तिजोरी कुठून कुठून उघडली गेली, त्याची यादी टिटवीने बघितली. "नाही. आत आपलाच कंप्युटर आणि आत्याचा फोन, दोघेच. चोराकडे किल्ली होती, पण फोनवरचे आकडे नव्हते."

"माझ्याबद्दल त्यात काय लिहिलंय, तुला माहीत आहे?"

"नाही. मी भिंतीकडे बघत होते."

"खरं?"

टिटवीला पूर्वी कुणी असं विचारलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बाईंना विचारायचा हक्क होता हेही तिला समजलं. तिने होकाराची मान हलवली. "खरं."

बाईंनी पोशाखाची शिवण बोटांनी चाचपून बघितली. मग आत्याला म्हणाल्या, "माझं तेवढं लिहिलेलं पुसून टाका. मापं राहू देत."

"पुसते. डोक्यात आहे माझ्या."

"रागाने नाही सांगत."

"कळतंय हो." आत्या कंप्युटरपाशी आली. "वळ," ती टिटवीला म्हणाली. टिटवी बदकाकडे वळली, आणि मागून एकाच बोटाचा आवाज आला, टक, टक, टक. पण आज तो लिहिण्याचा नव्हता, पुसण्याचा होता.

जाताना बाई दारात थांबल्या. "उद्या पोहायला ये. पोहायचा चष्मा विसरू नकोस, नाहीतर मागच्यासारखी डोळे चोळत बसशील." टिटवीने मान डोलावली. तिला बाईंच्या तोंडाकडे बघता आलं नाही, शिट्टीकडेच बघत राहिली.

दोघीच उरल्या. आत्याने मशीनवरचा दिवा मालवला आणि स्टुलापाशी आली. "का गं नाही सांगितलंस?"

"तू सगळ्यांना सांगत होतीस. मी किल्ली आहे म्हणून."

"आणि मी जिभेला दोष देत होते, तेव्हा?"

टिटवीने खाली बघितलं. आत्यानेही जास्त ताणलं नाही. फक्त म्हणाली, "ते मात्र लागलं हो मला." मग बाही मागे सारली. "चल. आता काय काय करायचं?"

टिटवीने मांजराचं खातं बंद करून टाकलं. कोट घातलेलं मांजर एकदा हात हलवून नाहीसं झालं. "आता मुख्य पासवर्ड. नवे शब्द. कुठेच वापरले नाहीत असे."

आत्या स्टुलावर बसली. चष्मा सारखा केला, डोळे मिटले, आणि तिचे ओठ हलायला लागले.

टिटवी काही न बोलता मागे सरकली. जाऊन बदकासमोर उभी राहिली, भिंतीकडे तोंड करून.

"अगं, आज वळ म्हटलं नाही मी," आत्या म्हणाली. "तुला सांगणारच होते."

टिटवी वळली नाही. आत्या पुटपुटल्याशिवाय राहायची नाही हे तिला पक्कं माहीत होतं, म्हणून तिने दोन्ही कानांत बोटं घातली, घट्ट.